हरकती व सूचना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नामबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत, अधूनमधून नगर परिषदेची एक जाहीर सूचना छापून येते. शहराची प्रारूप विकास योजना तयार झाली असून तिचे नकाशे कार्यालयात पाहावयास ठेवले आहेत, आणि राजपत्रातील प्रसिद्धीच्या दिनांकापासून ३० दिवसांच्या आत नागरिकांनी आपल्या ‘हरकती व सूचना’ लेखी सादर कराव्यात, एवढाच तिचा मजकूर असतो. बाजारपेठेत ही वार्ता पोहोचते तेव्हा त्या जोडशब्दातला पहिला शब्दच काय तो पोहोचलेला असतो. “हरकत घेतली का?” असे दुकानदार एकमेकांना विचारतात. “सूचना काय दिली?” हा प्रश्न मात्र क्वचितच कानी पडतो.

कायद्याने नागरिकाला दोन्ही हक्क एकाच ओळीत आणि एकाच वजनाने दिले आहेत. आपले दुकान, आपला भूखंड, आपली गल्ली यांच्यावर अन्याय होत असेल तर हरकत घ्यावी. शहर कसे असावे याविषयी आपल्यापाशी काही सांगण्यासारखे असेल तर सूचना द्यावी. व्यापारी कुटुंबे पहिला हक्क निगुतीने वापरतात आणि दुसरा बहुधा तसाच पडून राहतो. या दुसऱ्या हक्काविषयी आज थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील गावांचे पुढील वीस वर्षांचे रूप त्यावर बरेच अवलंबून आहे.

प्रथम एक घोळ दूर करू. ‘विकास आराखडा’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. शेगाव, लोणार किंवा सिंदखेड राजा यांच्या विकास आराखड्यांविषयी आपण वाचतो, तेव्हा तीर्थक्षेत्र, सरोवर वा ऐतिहासिक स्थळ यांच्यासाठी शासनाने मंजूर केलेल्या निधीची आणि कामांची ती यादी असते. येथे ज्या विकास योजनेविषयी लिहिले आहे, ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली होते. संपूर्ण शहराच्या हद्दीतील जमिनीचा प्रत्येक तुकडा कशासाठी वापरावयाचा, हे ती ठरविते. रहिवास कोठे, व्यापार कोठे, रस्ता किती मीटरचा, शाळा, बगीचा, दवाखाना, भाजीबाजार आणि वाहनतळ यांच्यासाठी कोणती जागा राखून ठेवावयाची, हे सर्व त्या नकाशावर रंगांनी आणि क्रमांकांनी दाखविलेले असते. पहिल्या आराखड्यात खर्च न झालेला निधी परत जातो. दुसऱ्या योजनेतील रेषा मात्र जमिनीवर कायद्याचे ओझे होऊन बसते.

आपल्या जिल्ह्यात बुलडाणा, खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, नांदुरा आणि जळगाव जामोद अशा अकरा नगर परिषदा आहेत. मोताळा आणि संग्रामपूर येथे नगर पंचायती आहेत. यांपैकी प्रत्येक संस्था आपल्या हद्दीपुरती नियोजन प्राधिकरण असते. योजनेचे वीस वर्षांतून एकदा तरी पुनर्विलोकन व्हावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. वीस वर्षे म्हणजे एक पिढी. आज दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणाच्या आयुष्यात ही संधी दोन वेळा, फार तर तीन वेळा येईल.

या योजनेचा प्रवास असा असतो. योजना तयार करण्याचा इरादा आधी जाहीर होतो. मग सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा, म्हणजे आज कोठे काय उभे आहे याचा नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप योजना बनते आणि ती प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागविले जाते. त्या म्हणण्यावर विचार करण्यासाठी एक नियोजन समिती असते. तीत नगर परिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना व पर्यावरण या विषयांतील जास्तीत जास्त चार जाणकार बसतात. ज्यांनी लेखी निवेदन दिले त्यांना सुनावणीस बोलाविले जाते. समितीचा अहवाल आल्यावर योजनेत फेरबदल होतात आणि ती शासनाकडे मंजुरीसाठी जाते. मंजुरी देताना शासनाला मोठ्या स्वरूपाचे बदल करावयाचे असतील तर तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती व सूचना मागविल्या जातात. ही दुसरी फेरी पुष्कळांना ठाऊकच नसते.

योजना मंजूर झाल्यावर आरक्षणाचा अर्थ काय होतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी थोडक्यात मांडतो. ज्या भूखंडावर शाळेचे वा बगीचाचे आरक्षण पडले त्यावर मालकाला दुसरे बांधकाम करता येत नाही, त्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि बँक तो तारण घेताना कचरते. नगर परिषदेने ती जागा संमतीने मोबदला देऊन, चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन, अथवा भूसंपादनाने घ्यावी, असे कायदा सांगतो. दहा वर्षांत ती घेतली गेली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली सूचना देता येते; त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणजे दहा वर्षे अधिक दोन वर्षे. मुलीच्या जन्माच्या वेळी घेतलेली जागा तिच्या शिक्षणाच्या वेळी कामी यावी म्हणून जपणाऱ्या कुटुंबासाठी बारा वर्षे ही लहान मुदत नव्हे. म्हणून न्याय्य हरकत घेण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. दुकान ही कुटुंबाची भाकरी असते, आणि तिचे रक्षण करणे हा गृहस्थाचा धर्मच आहे.

प्रश्न हरकतीपाशीच थांबल्याने निर्माण होतो. बाजारातील एका रस्त्याचे उदाहरण घेऊ. जुन्या पेठेतील रस्ता सहा-सात मीटरचा आहे आणि प्रारूप योजनेत तो बारा मीटरचा दाखविला आहे. दोन्ही बाजूंच्या दुकानांची पुढची फळी जाणार म्हणून रस्त्यावरच्या सर्व दुकानदारांनी एकसारख्या मजकुराच्या हरकती दिल्या: ‘रुंदीकरण रद्द करावे.’ समितीपुढे आता एकीकडे शहराची वाहतूक आहे आणि दुसरीकडे ‘नको’ या एकाच शब्दाच्या शंभर प्रती आहेत. समितीने ‘नको’ मान्य केले तरी बारा मीटरची गरज नाहीशी होत नाही. अग्निशामक बंब त्या गल्लीत शिरत नाही, रुग्णवाहिका अडते, आणि खेड्यातून मोटारसायकलने आलेला ग्राहक गाडी लावायला जागा नाही म्हणून बाहेरच्या रस्त्यावरच्या नव्या दुकानाकडे वळतो. वाचविलेली फळी पाच वर्षांनी गिऱ्हाइकाविना उभी राहते. रुंदीकरण झाले असते तर फळी गेली असती. न झाल्याने धंदा गेला.

याच दुकानदारांनी हरकतीसोबत सूचना दिली असती तर? रस्ता एकदिशा करावा आणि परतीची वाहतूक मागच्या गल्लीने न्यावी. मालाचे ट्रक सकाळी नऊच्या आत किंवा रात्री आठनंतरच आत यावेत. पेठेच्या टोकाला जी नझूलची किंवा नगर परिषदेचीच जागा पडून आहे, ती वाहनतळासाठी राखावी. घाऊक व्यापारासाठी बाहेरच्या रस्त्यालगत जागा द्यावी, म्हणजे पोती आणि पेट्या पेठेत येणारच नाहीत. एवढे सर्व सांगून मग, ‘या स्थितीत नऊ मीटर रुंदी पुरेशी आहे, असे आमचे म्हणणे आहे’ असे लिहिता आले असते. अशा निवेदनात समितीच्या हाती काहीतरी पडते. तिला एक गरज नाकारावी लागत नाही. ती भागविण्याचा दुसरा मार्ग तिच्यापुढे येतो. हिशेबात आपण हेच करतो. देणे आहे, रोख नाही, तेव्हा हप्त्याचा प्रस्ताव घेऊन बसतो. ‘देणार नाही’ एवढेच सांगणाऱ्याशी कोणी व्यवहार करीत नाही.

हरकतीची ताकद आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी मोठ्या शहरांच्या अनुभवातून स्पष्ट दिसतात, म्हणून जिल्ह्याबाहेरची दोन उदाहरणे पाहू.

पहिले मुंबईचे. २०३४ पर्यंतच्या मुंबईची प्रारूप विकास योजना २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. तीत चुका इतक्या होत्या की, अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसत होते आणि वारसा वास्तू व प्रार्थनास्थळांच्या नोंदी गळालेल्या वा चुकलेल्या होत्या. सुमारे ६५ हजार हरकती व सूचना दाखल झाल्या. मुदत संपत आली असता एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, २०१८ च्या मे महिन्यात योजनेला मंजुरी मिळाली आणि सप्टेंबरपासून ती अंमलात आली. देशाच्या आर्थिक राजधानीची योजना लोकांच्या लेखी म्हणण्यामुळे परत फिरते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या निवेदनांनी तिला हलविले त्यांत नेमकेपणा होता. अमुक इमारत येथे आहे, तुमच्या नकाशात ती नाही, हा पुरावा, असे ज्याने दाखविले त्याला उत्तर देणे अधिकाऱ्यांना भाग पडले.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तेथे २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ साली अधिसूचित झाला आणि डोंगरउतार, शेती व किनाऱ्यालगतच्या जमिनी बांधकामासाठी खुल्या केल्याचा आरोप होऊन लोक रस्त्यावर उतरले. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारने आराखडा रद्द केला. येथवर हरकतीचा विजय झाला. पुढचे काम अधिक कठीण निघाले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ पर्यंतचा नवा आराखडा तयार केला, तो गावोगावी पाठविला आणि प्रत्येक गावाने आपल्या जमिनीविषयी काय हवे ते सांगावे, असा प्रयत्न झाला. आता ‘नको’ म्हणून भागणार नव्हते. ‘काय हवे’ ते ठरवावे लागणार होते. त्यावर गावागावांत मतभेद झाले, आक्षेपांची नवी मालिका सुरू झाली आणि २०१२ मध्ये सत्तांतर झाल्यावर तोही आराखडा स्थगित ठेवण्यात आला. जुना आराखडा पाडायला काही आठवडे पुरले होते. नवा उभा करायला पाच वर्षेही पुरली नाहीत. सूचना देणे हे हरकत घेण्यापेक्षा किती अवघड काम आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. ते अवघड आहे म्हणूनच त्याची सवय आधीपासून असावी लागते. पुणे महानगरपालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांना आपल्या प्रभागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचविण्याची पद्धत सुरू केली. बसथांबा, पदपथ, दिवे अशी ही कामे किरकोळ दिसतात. परंतु दरवर्षी एक कागद भरून ‘हे हवे’ असे सांगण्याची सवय त्यातून लागते.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. येथील बाजारपेठा नियोजनाच्या या कायद्याहून पुष्कळ जुन्या आहेत. खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. आणि त्या फाट्याच्या आधाराने गिरण्या, गोदामे, सराफा, किराणा अशी पेठ वाढत गेली. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुख्य लोहमार्गावर आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव यांच्यातून राष्ट्रीय महामार्ग जातो. दक्षिणेकडे मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ज्या रस्त्याने व्यापार आला तो रस्ता सरकला की व्यापारही सरकतो, हे वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याला पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. वळणरस्ता कोठून जाणार, त्याच्या कडेला कोणता विभाग दाखविणार, जुन्या पेठेला त्याच्याशी जोडणारा रस्ता किती रुंद असणार, याची उत्तरे त्या रंगीत नकाशावरच लिहिलेली असतात.

समृद्धी महामार्गाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. योजना नेहमी नगर परिषदच करते असे नाही. महामार्गालगतच्या नवनगरांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे नियोजनाचे अधिकार दिले गेले आहेत. शहराच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या भागात, प्रादेशिक योजना लागू असू शकते. यास्तव नोटीस वाचताना खाली कोणत्या कार्यालयाचे नाव आहे ते प्रथम पाहावे. चुकीच्या दारात दिलेले उत्तम निवेदनही वाया जाते.

आपल्या समाजातील कुटुंबांनी कोणत्या सूचना द्याव्यात, याचा विचार करताना दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पाहिले तर पुष्कळ काही सुचते. बाजारासाठी खेड्यांतून येणाऱ्या स्त्रियांसाठी पेठेत स्वच्छतागृह कोठे आहे? त्या दिवसभर आपल्याच दुकानांतून खरेदी करतात. मुलींना संध्याकाळी शिकवणीहून परतताना कोणत्या वाटेवर अंधार असतो? वृद्ध मंडळींना पहाटे चालावयास रहदारीविना जागा कोठे आहे? कचरा गावाबाहेर कोठे टाकला जातो आणि त्या जागेच्या उताराला कोणाची विहीर आहे? पाऊस झाला की बाजारातील कोणत्या चौकात पाणी तुंबते, आणि तेथून पूर्वी वाहणारा नाला कोणी बुजविला? यांची उत्तरे नगररचना कार्यालयातील अधिकाऱ्यापेक्षा घरातील गृहिणीला आणि गल्ल्यावरच्या मुनिमाला अधिक नेमकी ठाऊक असतात. अधिकारी बदलून येतो आणि बदलून जातो. त्याच्याजवळ मोजमाप असते. चाळीस वर्षांची आठवण आपल्याजवळ असते.

एक सूचना तर आपण सोडून दुसरे कोणी देणार नाही. साधु-साध्वीजी पायी विहार करतात, पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालतात, आणि वाहनांच्या धडकेत त्यांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण वाचीत आलो आहोत. दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या कडेला, निदान शहराच्या हद्दीपर्यंत, सलग पादचारी मार्ग असावा, अशी सूचना विकास योजनेच्या वेळी देता येते. योजनेत रस्त्याची रुंदी ठरत असते. त्याच वेळी त्यातली दोन मीटर पायी चालणाऱ्यांसाठी मागितली तर ती मिळण्याचा संभव असतो, रस्ता बांधून झाल्यावर नसतो. त्या मार्गाने शेगावला जाणारा वारकरीही चालेल, शाळेत जाणारे मूलही चालेल आणि शेतमजूरही चालेल. ज्या मागणीत सर्वांचे हित आहे ती समितीपुढे अधिक जड ठरते, आणि ती आपल्या जीवनपद्धतीतूनच उपजलेली आहे, ही समाधानाची गोष्ट.

संस्थांच्या विश्वस्तांसाठी वेगळे चार शब्द. स्थानक, मंदिर, धर्मशाळा, पांजरापोळ, वसतिगृह, शाळा यांच्या जागा विद्यमान जमीन वापराच्या नकाशात योग्य दाखविल्या आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन तपासावे. वहिवाट पन्नास वर्षांची असली तरी नकाशात ती जागा ‘मोकळी’ दिसत असेल तर तिच्यावर आरक्षण पडू शकते. पांजरापोळीच्या कुरणासारख्या मोठ्या मोकळ्या जागांना हा धोका अधिक. चूक नकाशाच्या टप्प्यावर दाखविली तर एका अर्जाने दुरुस्त होण्यासारखी असते. तीच योजना मंजूर झाल्यावर दुरुस्त करावयाची तर फेरबदलाची वेगळी प्रक्रिया आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार वाट्याला येतो.

निवेदन कसे लिहावे, हेही पाहू. घराच्या किंवा दुकानाच्या जागेसाठी आखीव पत्रिका किंवा सातबारा आणि मोजणी नकाशा काढून ठेवावा. प्रारूप योजनेच्या नकाशावर आपली जागा गट क्रमांकाने किंवा नगर भूमापन क्रमांकाने शोधावी आणि तेथे दाखविलेल्या आरक्षणाचा क्रमांक टिपून घ्यावा. नकाशाबरोबर अहवालही असतो. शहराची लोकसंख्या किती वाढेल आणि त्यासाठी किती शाळा, किती बगीचे लागतील याचे गणित त्यात मांडलेले असते. आरक्षणाची गरजच चुकीच्या गणितावर उभी असेल तर ते दाखविणे हा सर्वांत भक्कम मुद्दा होय. आपल्या जागेविषयीची हरकत एका कागदावर आणि शहराविषयीची सूचना दुसऱ्या कागदावर लिहावी, म्हणजे एकाचे वजन दुसऱ्याने कमी होत नाही. प्रत्येक कागदाची दिनांकासह पोच घ्यावी. सुनावणीचे पत्र आले की स्वतः जावे, पाच मिनिटांत सांगता येईल एवढेच सांगावे, आणि शक्य असेल तर जागेचे छायाचित्र व हाताने काढलेला साधा नकाशा सोबत न्यावा. जागेच्या किमतीचा प्रश्न मोठा असेल तर जाणत्या वकिलाचा सल्ला घेण्यात काटकसर करू नये.

पुष्कळ जण म्हणतील, “एवढे लिहीत बसण्यापेक्षा ओळखीने काम होते.” ओळखीने झालेले काम ओळखीनेच उलटते. सत्ता बदलली, अधिकारी बदलला, की जुन्या आश्वासनाचा साक्षीदार उरत नाही. पोच मिळालेला कागद मात्र उरतो. समितीला तो नोंदवावा लागतो, माहिती अधिकारात त्यावर काय निर्णय झाला हे विचारता येते, आणि पुढे न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर मुदतीत लेखी म्हणणे मांडले होते, हे दाखविता येते. चोपडीत जमा न केलेली रक्कम मागता येत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या प्रक्रियेत उणिवाही पुष्कळ आहेत. नोटीस बारीक अक्षरात येते. नकाशा सामान्य माणसाला वाचता येत नाही. तीस दिवस दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या हंगामात पडले तर दुकानातून डोके वर काढावयास सवड नसते. चातुर्मासात पडले तर दुपार-सकाळ व्याख्यानात आणि तपश्चर्येत जाते. समितीने ऐकून घेणे बंधनकारक असले तरी ऐकलेले मान्य करणे बंधनकारक नाही. राज्यातील नगर परिषदांवर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपूर्वी दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात नागरिक आणि नियोजन यांच्यामध्ये उभा राहणारा लोकप्रतिनिधीच नव्हता. आता निवडून आलेल्या सभागृहांकडे याविषयी काही मागणे रास्त ठरेल. नकाशा प्रत्येक प्रभागात लावावा, एखाद्या रविवारी नगररचनाकाराने तो मराठीत समजावून सांगावा, आणि कोणत्या निवेदनावर काय निर्णय झाला, त्याची यादी कार्यालयात लावावी. यासाठी फार पैसा लागत नाही. हीदेखील एक सूचनाच आहे, आणि ती योजना प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता आजच देता येते.

ज्यांची किराणा दुकाने आणि कृषी सेवा केंद्रे खेड्यांत आहेत त्यांच्यासाठी हेच काम ग्रामसभेत होते. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. गावात व्यापाऱ्याचे घर एखादेच असते आणि ते सभेला बहुधा जात नाही. उधारीच्या वहीतले सर्व गाव तेथे जमलेले असते, तिथे कशाला तोंड उघडा, असा संकोच असतो. परंतु गावाचा पाणवठा, शाळेची वाट आणि बाजाराचा ओटा यांच्याविषयी त्या घरानेही काही सांगावे, अशी गावाची अपेक्षा असते. गप्प राहिलेल्या घराविषयी गाव आपापले अर्थ लावते.

आपली मुले पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला जात आहेत. ती परत का येत नाहीत, याची कारणे आपण शिक्षणात, पगारात आणि विवाहाच्या अटींत शोधतो. त्यांना विचारले तर ती पुष्कळदा साध्या गोष्टी सांगतात. चालायला जागा नाही, मुलांना खेळायला मैदान नाही, संध्याकाळी बसावे असे ठिकाण नाही. या सर्व गोष्टी विकास योजनेत जागा राखल्याशिवाय होत नाहीत. गंमत अशी की, ज्या बगीच्याच्या आणि मैदानाच्या आरक्षणाला आपण हरकत घेतो, त्याच्याच अभावी आपली नातवंडे सुट्टीतही गावी यायला नाखूष असतात. स्वतःच्या जागेवरचे आरक्षण उठवावे, असे म्हणताना ते मैदान मग कोठे व्हावे, हे सुचविणे निदान एवढ्यासाठी तरी आपले कर्तव्य ठरते.

या महिन्यात प्रत्येक गावच्या व्यापारी मंडळाने किंवा युवक मंडळाने एक लहानसे काम करावे, अशी विनंती आहे. नगर परिषदेच्या बांधकाम किंवा नगररचना विभागात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्या शहराची मंजूर विकास योजना कोणत्या वर्षाची आहे, आणि तिच्या पुनर्विलोकनाचे काम कोणत्या टप्प्यावर आहे. मंजूर योजनेच्या नकाशाची प्रत शुल्क भरून मिळते; ती घेऊन मंडळाच्या कार्यालयात भिंतीवर लावावी. तीस दिवसांची मुदत जाहीर होईल तेव्हा व्हावी अशी चर्चा त्या नकाशापुढे आधीच झालेली असेल. महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत गावात काय हवे याची यादी करून ठेवावी. मग नोटीस कोणत्याही हंगामात येवो, दुकान बंद न ठेवता दोन्ही कागद तयार असतील. एक आपल्या नावाचा आणि एक गावाच्या नावाचा.